नाशकात १७, मुंबईत १९, आणि दोन्ही मशीन बरोबर

नाशिकच्या बाईकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यात डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजणारं मशीन, बीएचपी म्हणजे ताकदीचं एकक आणि एएफआर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलचं प्रमाण. मजकूर थोडक्यात असा: 'मुंबईच्या डायनोवर १९ बीएचपी देणारी गाडी नाशिकच्या डायनोवर १७ देते, म्हणजे नाशिकचं मशीन खोटं. एएफआर १४.७ आलाच पाहिजे. एएफआरचे दोन मीटर वेगळे आकडे दाखवत असतील तर एकाचा सेन्सर बाद. आणि कंपनी २० सांगते, मग उरलेली ताकद कंपनीने खाल्ली.' हे वाचून लोक गॅरेजवाल्याशी भांडायला निघालेत. काही जण तर छान चालणारं ट्यूनिंग परत उघडायला लावतायत. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

कंपनीचा मुद्दा आधी निकालात काढतो. कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा असतो. मध्ये गिअरबॉक्स, चेन आणि टायर आले की मागच्या चाकावर साधारण दहा ते पंधरा टक्के कमी मिळतात. शिवाय बऱ्याच गाड्यांच्या माहितीपत्रकात आकडा पीएसमध्ये (मेट्रिक हॉर्सपॉवर) दिलेला असतो, आणि १ पीएस म्हणजे ०.९८६ बीएचपी. २० चे चाकावर १७ होणारच. कुणी काही खाल्लेलं नाही.

आता १९ आणि १७. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. कसारा घाट चढून आलेल्या इंजिनाला तेवढी हवाच कमी मिळते. करेक्शन न लावता मोजलं तर १९ चे पावणेअठरा इथेच झाले.

करेक्शन म्हणजे, त्या दिवशीच्या हवेत मिळालेला आकडा एका ठरावीक हवामानात किती आला असता याचा हिशोब. ते हवामान कोणतं धरायचं, इथेच सगळी गोम आहे. एसएई जे-१३४९ हे मानक २५ अंश आणि कोरड्या हवेचा ९९० मिलीबार दाब धरतं. जुनं एसटीडी मानक साधारण १५.५ अंश आणि १०१३ मिलीबार धरतं, त्यामुळे त्याचा आकडा एसएईपेक्षा साधारण अडीच ते चार टक्क्यांनी चढा येतो. एप्रिलच्या दुपारी शेडमध्ये ३५ अंश असताना नाशिकला एसएईचा गुणक जवळपास १.१० निघतो. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळी तोच १.०३-१.०४ वर येतो. आता १७ ला १.१० ने गुणा: १८.७. त्यावर एसटीडीचे अडीच टक्के चढवा: १९ च्या वर. नाशिकवाल्याने करेक्शन न लावता डायनोची शीट दिली आणि मुंबईवाल्याने एसटीडी लावून दिली, एवढंच. कोणतं करेक्शन आहे ते शीटवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. ग्रुपवरच्या फोटोंत तो भाग बहुतेक वेळा दिसतच नाही.

मशीनची जातही बघायला हवी. इनर्शिया डायनो जड ड्रम किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढतो, आणि चाक-चेन फिरवण्यात गेलेली ताकद ड्रमपर्यंत पोचतच नाही. लोड डायनो ब्रेक लावून जोर मोजतो. त्यात गाडी बांधायचा पट्टा किती आवळलाय, टायरमध्ये हवा किती, पंखा कसा, कोणत्या गिअरमध्ये रन (मोजणीची फेरी) घेतला, हे सगळं आलं. म्हणून बेंड पाईप (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाईप) बदलून काय फरक पडला हे बघायचं असेल तर आधीचा आणि नंतरचा रन एकाच मशीनवर, एकाच दिवशी घ्या.

मला खरी काळजी वाटते ती १४.७ च्या हट्टाची, कारण त्यात इंजिनं जातात. १४.७ हे शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्याचं, म्हणजे संतुलित प्रमाण आहे: एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा. पूर्ण थ्रॉटलला ताकद मिळते ती साधारण १२.५ ते १३.२ च्या आसपास. एअरकूल्ड गाडी आग्रा हायवेवर मूठ पिळून १४.७ वर पळवाल तर हेड तापेल, नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) सुरू होईल.

आणि मीटर एएफआर थेट मोजतच नाही. वाइडबँड सेन्सर धुरातल्या ऑक्सिजनवरून लॅम्डा, म्हणजे संतुलित प्रमाणाच्या तुलनेत हवा किती, ते काढतो; मीटर त्याला इंधनाच्या संतुलित प्रमाणाने गुणतं. आज पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं संतुलित प्रमाण सुमारे १३.५ आहे. लॅम्डा ०.८८ असेल तर पेट्रोलवर सेट केलेलं मीटर १२.९ दाखवेल, ई२० वर सेट केलेलं ११.९. धूर एकच! एक ट्यूनर म्हणेल बरोबर, दुसरा म्हणेल रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. दोघांनी लॅम्डात बोलावं, भांडण तिथेच मिटेल.

धूर कुठून घेतला यानेही आकडा हलतो. बेंड पाईपवर बसवलेला सेन्सर आणि सायलेन्सरच्या तोंडातून आत सरकवलेली नळी यांचं जुळणार नाही. मध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आणि कमी आरपीएमला तोंडातून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिसफायर असेल तर न जळलेला ऑक्सिजन मीटरला लीन (पेट्रोल कमी) भासतो. बऱ्याच गाड्यांत एअरबॉक्सकडून सिलिंडर हेडकडे एक रबरी नळी जाते, ती प्रदूषण कमी करायला एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडते. गाडी आयडलला ठेवून ती नळी पक्कडीने हलकेच दाबून धरली की मीटरवरचा लीन आकडा खाली येताना दिसतो. कार्ब्युरेटरचा जेट नाही, इंजेक्शनचा मॅप नाही, कशालाही हात न लावता.

राहता राहिला 'सेन्सर बाद'. एक्झॉस्टमधून काढा, गरम झाल्यावर मोकळ्या हवेत धरा. मीटरवर ऑक्सिजन २०.९ टक्क्यांच्या जवळ दिसला पाहिजे. नसेल तर आधी फ्री-एअर कॅलिब्रेशन (मोकळ्या हवेवर मीटर जुळवणं) करा, आणि तरीही जुळला नाही तरच नव्या सेन्सरचे पैसे मोजा.