फुकेटची हत्ती-आंघोळ, गिबनचा फोटो आणि झिपलाइन : एका फिरत्या संदेशाला उत्तर

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची आरक्षणे सुरू झाली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : ‘थायलंडमधल्या फुकेट बेटावर जहाजाची महागडी सहल घेऊ नका, किनाऱ्यावर उतरलात की निम्म्या दरात गाडीवाला मिळतो. तो हत्तींच्या अभयारण्यात नेतो. हत्ती पाळीव असतात, मुलांनी घातलेली आंघोळ त्यांना फार आवडते. मग गिबन वानराच्या पिल्लाबरोबर फोटो आणि शेवटी झिपलाइन, म्हणजे उंचावरच्या तारेला लटकून घसरत जाणे, जी लहान मुलांनाही सुरक्षित असते. उशीर झालाच तर जहाज थांबते, काही झालेच तर विमा आहेच. आणि आपण गेलो नाही तर ते हत्ती उपाशी मरतील.’ या संदेशातले जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि आजी-आजोबांपासून पाच-सहा वर्षांच्या नातवंडांपर्यंत सगळे त्यावर विसंबून दिवस आखतात, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा हत्ती पाळीव असण्याचा. गाय किंवा कुत्रा हे प्राणी शेकडो पिढ्यांच्या निवडक पैदाशीतून माणसाळलेले आहेत; आशियाई हत्तीच्या बाबतीत असे कधी घडलेले नाही. माणसाच्या ताब्यात वाढलेला हत्ती वृत्तीने रानटीच राहतो, आणि त्याने अनोळखी माणसांच्या गराड्यात शांत उभे राहावे यासाठी त्याला लहानपणी मोडावे लागते. थायलंडमध्ये या पद्धतीला ‘फाजान’ म्हणतात : पिल्लाला आईपासून तोडायचे, अरुंद लाकडी कोंडवाड्यात दोरखंडांनी जखडायचे आणि मार, भूक व निद्रानाश यांच्या जोरावर माणसाची भीती त्याच्या मनात कायमची बसवायची. सगळीकडे हे याच तीव्रतेने होत नसेल, परंतु वळण लावल्याशिवाय कोणताही हत्ती पर्यटकाच्या हातातली बादली अंगावर ओतून घेत नाही. जून २०१३ मध्ये मुलुंडमध्ये रस्त्याकडेला कोसळलेली ‘बिजली’ अनेक मुंबईकरांना आठवत असेल. डांबरी रस्त्यांवर भिक्षेसाठी फिरवली जाणारी ती हत्तीणही सगळ्यांच्या लेखी पाळीवच होती.

आंघोळ हत्तीला आवडते, हे खरे आहे, पण ती त्याने स्वतः, हव्या त्या वेळी केलेली आंघोळ असते. पाण्यातून बाहेर आल्यावर तो सोंडेने माती अंगावर उडवून घेतो, कारण मातीचा तो थर त्याच्या कातडीला ऊन आणि किडे यांपासून वाचवतो. पर्यटकांच्या तुकड्या एकामागून एक येत असतील, तर तोच हत्ती दिवसातून अनेकदा पाण्यात उतरवला जातो आणि ती माती पुन्हापुन्हा धुतली जाते. अशा एका ठिकाणी मी कठड्याबाहेर उभी राहून पाहिले आहे. माहूत हत्तीच्या कानामागे हात ठेवून उभा होता आणि पाहणाऱ्याला ती माया वाटावी. प्रत्यक्षात त्याच्या मिटलेल्या मुठीतून खिळ्याचे टोक बाहेर आलेले होते आणि हत्तीण पाण्यात बसायला कचरली की ते टोक कानाच्या पाळीमागे टेकवले जात होते. अंकुश कुठेच दिसत नव्हता, म्हणून भोवतीचे पालक निर्धास्तपणे मुलांचे फोटो काढत होते.

धोका माणसालाही आहे. जानेवारी २०२५ मध्ये फुकेटच्या शेजारच्या कोह याओ याई बेटावर हत्तीला आंघोळ घालताना एका तरुण स्पॅनिश विद्यार्थिनीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. शिवाय क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला होऊ शकतो. ज्या देशात क्षयरोग अजून घराघरांत ठाऊक आहे, तिथून जाणाऱ्यांनी तरी ही गोष्ट हलकी समजू नये. ‘अभयारण्य’ ही पाटी लावण्यासाठी थायलंडमध्ये कोणतीही कसोटी ओलांडावी लागत नाही. ज्या ठिकाणी हत्तीला हात लावता येतो, तिथे त्याच्यावर कुणाची तरी सतत जरब असते, एवढे धरून चालावे.

हत्ती उपाशी मरतील, हा संदेशातला सर्वांत विचार करण्याजोगा मुद्दा आहे. १९८८ च्या महापुरानंतर थायलंडने १९८९ मध्ये जंगलतोडीवर बंदी घातली, लाकडे ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकाच फटक्यात बेकार झाले आणि पर्यटन हाच त्यांचा आधार बनला. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, तेव्हा पैसा कुठून तरी यायलाच हवा. २०२० मध्ये पर्यटन ठप्प झाले तेव्हा अनेक माहुतांना हत्ती चालवत उत्तरेकडच्या आपल्या गावी न्यावे लागले, हेही खरे. परंतु यावरून हत्तींना पर्यटकांच्या पैशाची गरज आहे एवढेच सिद्ध होते, आंघोळीची गरज सिद्ध होत नाही. फुकेटमध्येच पाक्लोक भागात २०१६ पासून असे केंद्र आहे, जिथे ओझ्यातून सुटलेले हत्ती आपल्या मनाने चरतात आणि पाहुणे अंतरावरून पाहतात. आपले तिकीट अशा जागी गेले तर हत्तीचे पोटही भरते आणि शेजारच्या तळांनाही कळते की न्हाऊ घातल्याशिवाय पाहुणे येतात.

गिबनच्या फोटोबद्दल मला मऊ शब्द वापरता येत नाहीत. गिबनचे पिल्लू आईच्या पोटाला घट्ट बिलगून असते आणि ती उंच झाडांवरून खाली उतरत नाही, त्यामुळे पिल्लू मिळवण्याचा मार्ग म्हणजे आईला गोळी घालणे. पडताना पिल्लूही अनेकदा दगावते. जे वाचते ते रात्री फुकेटच्या पातोंग या किनाऱ्यावरच्या गजबजलेल्या वस्तीतल्या रस्त्यांवर, दिव्यांच्या झगमगाटात, हातोहात फिरवले जाते आणि वयात येऊन सुळे फुटले, चावू लागले की नकोसे होते. अशा शिकारीमुळे फुकेट बेटावरचे रानटी गिबन नामशेष झाले होते. बांग पे धबधब्याजवळ १९९२ पासून चालणारा गिबन पुनर्वसन प्रकल्प जप्त केलेल्या आणि सोडून दिलेल्या गिबनांना पुन्हा जंगलात राहायला शिकवतो. तिथे पाहुण्यांना स्पर्श करता येत नाही, आणि मुलांना त्याचे कारण तिथेच समजावून सांगता येते.

झिपलाइनला माझा विरोध नाही. ‘लहान मुलांनाही सुरक्षित’ या सरसकट विधानाला आहे. झिपलाइनची सुरक्षितता वयापेक्षा वजनावर आणि पट्ट्यांवर अवलंबून असते. वजन कमी असेल तर मूल तारेच्या मध्येच थांबते, जास्त असेल तर माणूस शेवटच्या फलाटावर वेगाने आदळतो, म्हणून दोन्ही टोकांची मर्यादा हवी आणि निघण्यापूर्वी काट्यावर वजन व्हायला हवे. लहान मुलाची कंबर बारीक असल्याने नुसता कमरेचा पट्टा उलटे झाल्यास निसटू शकतो. त्याला छातीसकट पूर्ण अंगाचा पट्टा लागतो. फलाटावर उभे असतानाही प्रत्येकाचा हूक आधाराच्या दोराला लावलेला असला पाहिजे, कारण अपघात तारेवर जेवढे होतात तेवढे हूक बदलतानाही होऊ शकतात. एप्रिल २०१९ मध्ये उत्तर थायलंडमधल्या चियांग माईजवळ एक कॅनेडियन पर्यटक झिपलाइनवरून पडून मरण पावला. एप्रिल २०२५ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, भोर तालुक्यात, झिपलाइनसाठी तयारी करताना उंचावरून पडून एका तरुणीचा जीव गेला.

विम्याचे उत्तर थोडक्यात देता येते : बऱ्याच प्रवास विमा योजनांत साहसी खेळ मूळ संरक्षणातून वगळलेले असतात आणि त्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, तेव्हा पॉलिसीतले ते कलम मुंबईतच वाचावे.

राहिला जहाज थांबण्याचा दावा. जहाज थांबते ते बहुधा स्वतःच्या सहलीसाठी, कारण तिथे उशिराची जबाबदारी कंपनीची असते; खासगी गाडीने गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीहून उशिरा परतलेल्या आठ प्रवाशांना, जहाज नांगरावर उभे असतानाही, वर घेतले गेले नाही. फुकेटला तर दोन अडचणी अधिकच्या आहेत. मोठी जहाजे अनेकदा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकतात, त्यामुळे लहान बोटींच्या रांगेत जाता-येता वेळ मोडतो. दुसरी अडचण घड्याळाची : सिंगापूरची वेळ थायलंडपेक्षा एक तास पुढे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल आणि मोबाइल किनाऱ्यावर येताच आपोआप थाई वेळ दाखवू लागला, तर मोबाइलमध्ये तीन वाजलेले असताना जहाजावर चार झालेले असतात. त्यातून मागे राहिलेल्या भारतीय कुटुंबाचा सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीचा मार्गही अडतो.

जहाजाच्या यादीतून घेतलेली सहल एवढ्यामुळे निर्दोष ठरत नाही, कारण त्या यादीतही हत्ती-आंघोळ असू शकते. म्हणून कुणाकडूनही पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : प्राण्याला पाहुण्यांचा हात लागतो का, झिपलाइनची किमान आणि कमाल वजनमर्यादा किती, आणि परतीची वेळ कोणत्या घड्याळाने दिली आहे.