जिआर्डियापालन: बिनभांडवली जोडधंदा

शेळीला चारा लागतो, कोंबडीला खुराडं लागतं. जिआर्डियाला फक्त तुमचं लहान आतडं लागतं. अनुदानाचा अर्ज नाही, तलाठ्याचा दाखला नाही. १६८१ साली डच संशोधक लेव्हेनहुकने हा एकपेशीय परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तोही स्वतःच्याच शौचात. म्हणजे धंदा पहिल्यापासूनच घरगुती.

बियाणं फार लागत नाही. दहा सिस्ट पोटात गेल्या तरी पुरतं. सिस्ट म्हणजे कवचात बंद असलेला जिआर्डिया, आकार साधारण ८ ते १२ मायक्रॉन. आतड्यात पोचल्यावर एका सिस्टमधून दोन जीव बाहेर पडतात, अंगावरच्या चकतीने अस्तराला चिकटतात आणि दोनाचे चार, चाराचे आठ होत राहतात.

बियाणं आणायला लांब जायचं कारण नाही. तुमच्याकडे नळाला पाणी दीड तास येतं ना? उरलेले साडेबावीस तास पाइपात दाब नसतो, आणि बऱ्याच गल्ल्यांत पाइप गटाराला खेटूनच गेलेला असतो. तेवढ्याने भागत नसेल तर नळाला थेट मोटर जोडा. शेजाऱ्यांनी कधीच जोडलीय, तुम्हीच मागे का? मोटर पाणी खेचू लागली की पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि जिथे सांधा सुटलाय तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी आल्याबरोबर जो गढूळ लोट येतो, तो काही जण उगाच सोडून देतात. तुम्ही पिण्याचा हंडा त्यावरच भरून घ्या.

गाळायची हौस असेल तर जुन्या धोतराचं फडकं बांधा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. सिस्ट त्याच्या कितीतरी बारीक. फडक्यात गाळ अडकतो, सिस्ट खाली उतरतात आणि पाणी कसं नितळ दिसतं. नितळ पाण्यावर कुणी संशय घेत नाही, हा मोठाच फायदा.

गावाकडे टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या भुकटीची, थोडी अडचण असते. हजार लिटरला ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, मग निदान अर्धा तास थांबायचं. एवढं कोण करतं? पोतं उघडं ठेवा. दमट हवेत क्लोरीन उडून जातो आणि नुसती पांढरी भुकटी उरते. पाण्यात क्लोरीन आहे का ते पाहायच्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं नाही, तरी वहीत पिवळं झाल्याची नोंद करा. आणि समजा गावच्या पाण्यात पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाने सगळं नेमाने केलंच, तरी धीर सोडू नका. कॉलऱ्याचे जंतू ज्या मात्रेत अर्ध्या तासात मरतात, ती मात्रा सिस्टचं कवच बराच वेळ सोसतं. पाणी गार आणि गढूळ असेल तर आणखीच.

खरा शत्रू गॅसची शेगडी. पाण्याला खळखळून उकळी फुटली आणि ती एक मिनिट टिकली की सिस्ट संपल्या. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण ती सबब आपल्याला नाही: कळसूबाईच १६४६ मीटर. तेव्हा भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले की लगेच गॅस बंद करा. नाहीतर पाणी नीट उकळा आणि लवकर निवावं म्हणून त्यात माठातलं गार पाणी ओता. माठाला ओगराळं ठेवू नका. पेला धरलेला हात मनगटापर्यंत बुडवला की काम सोपं होतं.

फिल्टर घेणाऱ्याने '१ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, अ‍ॅब्सोल्यूट' ही छिद्रांच्या मापाची ओळ वाचायची नसते, डब्याचा रंग पाहायचा असतो. आरओ असेल तर प्यायला तेच पाणी वापरा, पण बर्फ आणि कोशिंबिरीची काकडी मात्र टाकीच्या पाण्यावर सोडा.

बाळाची शी धुऊन साबण न लावता कणीक मळायला घ्या. जुलाब थांबल्यावरही सिस्ट काही आठवडे शौचातून पडत राहतात, त्यामुळे घाई नाही.

साधारण आठवड्याभरात उत्पन्न सुरू होतं: फुगलेलं पोट, कुजक्या अंड्यासारखे ढेकर, भांड्याला चिकटणारी आणि दोन बादल्यांनाही न हलणारी तेलकट शी. (रक्त पडू लागलं तर हा धंदा दुसऱ्याच कुणाचा आहे, मुकाट डॉक्टर गाठा.) तपासणीला एकच नमुना द्या. सिस्ट रोज सारख्या पडत नाहीत, म्हणून तर वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने मागतात. एकात काही सापडलं नाही की रिपोर्ट फ्रेम करा.

गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घ्या. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल पाच-सात दिवस लिहून दिलं असेल, तर तोंडाला धातूसारखी चव आली आणि जुलाब आटोक्यात आले की दुसऱ्याच दिवशी थांबवा. कोर्स पुरा केल्यानंतरही काही आठवडे दूध पचत नसेल, तर ते बहुधा आतड्याचं अस्तर भरून येत असल्यामुळे. पण तपासणीच्या भानगडीत न पडता घरात दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या चार गोळ्या तेव्हा काढा.