प्रत्येक मोठ्या सायकलपटूने टूर द फ्रान्स जिंकलीच पाहिजे का?

२६ जुलै २०१९. तीन आठवड्यांच्या टूर द फ्रान्सचा शेवट जवळ आलेला. आल्प्समधला इझराँचा घाट, उंची २७७० मीटर. एगन बर्नाल पुढे निघून गेला आणि एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याच्या पिवळ्या जर्सीतला फ्रान्सचा जुलियाँ अलाफिलीप मागे मागे पडत गेला. घाटापलीकडे गारा पडल्या, दरड कोसळली, टप्पा मध्येच थांबवावा लागला आणि घाटमाथ्यावरची वेळ धरली गेली. जर्सी गेली. दुसऱ्या दिवशी व्हाल थोराँसच्या चढावर तो दुसऱ्या क्रमांकावरून पाचव्यावर आला.

चौदा दिवस ती जर्सी त्याच्या अंगावर होती. बर्नार इनोने १९८५ मध्ये टूर जिंकली, तेव्हापासून फ्रान्स पुढच्या फ्रेंच विजेत्याची वाट बघतोय. त्यामुळे शर्यत संपायच्या आतच चर्चा सुरू झाली: याने आता वजन उतरवावं, क्लासिक, म्हणजे एका दिवसाच्या मोठ्या शर्यती, बाजूला ठेवाव्यात आणि फक्त टूरची तयारी करावी. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. आणि हे एकट्या अलाफिलीपबद्दल नाही, त्याच्या जातकुळीच्या सगळ्याच सायकलपटूंबद्दल म्हणतोय.

आधी हे बघा की ती जर्सी त्याला मिळाली कशी. एपर्नेच्या वाटेवरचे छोटे, खडे चढ, तिथे तो एकटा सुटला. सेंत-एतियेनला शेवटच्या चढावर अटॅक करून त्याने ती परत मिळवली. त्याच वर्षी वसंतात त्याने स्त्रादे बियांके, मिलान-सान रेमो आणि फ्लेश वालोन या क्लासिक जिंकल्या होत्या. फ्लेशचा शेवट म्हणजे म्यूर द हुईचा चढ, जेमतेम १.३ किलोमीटर. पुढचे लोक तो तीन मिनिटांच्या आसपास चढतात. इझराँचा त्या दिवशीचा चढ तेरा किलोमीटरच्या घरात होता, तोही विरळ हवेत आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी. दोन्हीला आपण ‘चढ’ म्हणतो, पण शरीराकडून मागणं अगदी वेगळं आहे.

स्फोटक सायकलपटूचे स्नायू ऑक्सिजनची वाट न बघता साखर भराभर जाळतात. म्हणून तर तो क्षणात दहा मीटर पुढे असतो. पण हीच सवय लांब घाटावर अंगलट येते: साखर जाळताना तयार होणारं लॅक्टेट साठतं, इंधन लवकर संपतं. ग्रँड टूर (फ्रान्सची टूर, इटलीची जिरो किंवा स्पेनची व्हुएल्टा, तीन आठवड्यांच्या शर्यती) जिंकायची तर ही भट्टी मंद करावी लागते. तासन् तास एकसारख्या गतीचा सराव करायचा, वरचे एक-दोन किलो उतरवायचे. त्या किलोंबरोबर शेवटच्या तीनशे मीटरची ताकदही जाते. थोडं दिलं आणि थोडं मिळालं, इतका सरळ हा सौदा नाही. ज्या गोष्टीत तो जगात पहिल्या दोघा-तिघांत आहे ती द्यायची, आणि बदल्यात सातवा-आठवा क्रमांक मिळण्याची शक्यता घ्यायची.

त्याहून मला जास्त खटकतं ते वेगळंच. एकूण वेळेसाठी चालवणारा माणूस २१ दिवस जपून चालवतो. वाऱ्यात जायचं नाही, सहकाऱ्यांच्या आडोशाने राहायचं, अटॅक करावासा वाटला तरी गप्प बसायचं. अलाफिलीपसारख्याला हे शिकवणं म्हणजे त्याचा स्वभावच मोडणं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये इमोलाला शेवटच्या चढावर तो सुटला आणि जागतिक विजेता झाला. पुढच्या वर्षी लुव्हेनला पुन्हा तेच. जागतिक विजेत्याच्या जर्सीवरच्या इंद्रधनुषी पट्ट्यांची ही दोन वर्षं कुठल्या चौथ्या-पाचव्या क्रमांकासाठी द्यायची होती?

‘पण टूर आणि क्लासिक दोन्ही जिंकणारा पोगाचर?’ हा प्रश्न येणारच. पोगाचरचा प्रवास उलटा आहे. तो आधी टूर जिंकण्याच्या घडणीचा, मग फ्लँडर्सची क्लासिकही जिंकणारा. एव्हनेपूलचंही तसंच, लिएजची क्लासिक त्याने दूरवरून एकट्याने मारून जिंकली; ते टाइम ट्रायलचं, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवण्याचं, इंजिन आहे, स्फोट नव्हे.

खरी अपवादाची नावं आहेत, आणि ती मी टाळणार नाही. लोराँ जालाबेर आधी स्प्रिंटर होता, त्याने १९९५ मध्ये व्हुएल्टा जिंकली. व्हाल्व्हर्देने फ्लेश पाच वेळा जिंकली आणि २००९ ची व्हुएल्टाही. टॉम पिडकॉक २०२५ च्या व्हुएल्टात तिसरा आला, तेव्हा मीही जरा थांबून विचार केला. पण त्यांच्यासमोर होआकिम रोद्रिगेझ आठवतो. खड्या चढांवर अफाट, २०१२ मध्ये आधी फ्लेश जिंकली, मग जिरोत आघाडीची गुलाबी जर्सी शेवटच्या दिवसापर्यंत टिकवली आणि मिलानच्या टाइम ट्रायलमध्ये १६ सेकंदांनी हरला. तिन्ही ग्रँड टूरच्या व्यासपीठावर तो उभा राहिला, एकही जिंकला नाही.

सायकलपटूला स्वतःला आतून ती ओढ असेल तर जरूर जावं, एखादं वर्ष देऊन बघावं. माझा विरोध बाहेरून लादलेल्या अपेक्षेला आहे, जणू टूर जिंकली नाही तर बाकी सगळं कमीच. फिलीप जिल्बेरने दुसरी महत्त्वाकांक्षा धरली: पाचही मॉन्युमेंट, म्हणजे सर्वांत मोठ्या पाच क्लासिक. त्यातल्या चार त्याने जिंकल्या, ३६ व्या वर्षी पॅरिस-रूबेसुद्धा. ही काय लहान गोष्ट आहे?

आणि मॅथ्यू व्हॅन डर पूल. त्याचे आजोबा रेमाँ पुलिदोर आठ वेळा टूरच्या व्यासपीठावर उभे राहिले, पण पिवळी जर्सी त्यांना एक दिवसही मिळाली नाही. २०२१ मध्ये म्यूर द ब्रेतान्यचा चढ नातू दोनदा चढला, दोन्ही वेळा अटॅक केला, रेषा ओलांडताना बोट आकाशाकडे केलं आणि ती जर्सी घेतली. सहा दिवस घातली, आल्प्स सुरू झाल्यावर टूर सोडली. मग २०२३ पासून सलग तीन वर्षं रूबे जिंकला. पिवळी जर्सी मिळाली त्या संध्याकाळी त्याचे डोळे भरून आले होते, माझेही.