कार्तिकस्वामी, गणपती आणि सासूबाई

श्रीलंकेत जूनमध्ये गॉलच्या किनाऱ्यावर पाऊस झोडपत असतो आणि त्याच वेळी पूर्वेकडच्या अरुगम बेला रखरखीत ऊन असतं. नैऋत्येकडून येणारे मोसमी ढग या बाजूला आणि मधल्या डोंगरांवर रिकामे होतात. पलीकडे जातो तो नुसता वारा. हे भूगोलाचं ज्ञान नवऱ्याला तिसऱ्यांदा ओले टॉवेल पिळताना झालं. "बेटच तर आहे! पलीकडच्या किनाऱ्यावर जाऊ." बेट म्हणजे या टोकाहून हाक मारली की त्या टोकाला 'ओ' मिळतो, अशी त्याची समजूत.

हंबनटोटापर्यंत सुरेख एक्स्प्रेसवे आहे, त्यामुळे लिहिण्यासारखं काही घडलं नाही. तिस्समहारामाला सासूबाईंनी म्हशीच्या दह्याचं मडकं घेतलं, "विरजण बरं लागलंय" असा शेरा दिला आणि ते मांडीवर घेऊन बसल्या.

पुढे कतरगामा. इथे हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे येतात. देव मात्र कार्तिकस्वामी, म्हणून सासूबाई गाडीतून उतरेनात. बायकांनी त्याचं दर्शन घ्यायचं नसतं.

"आई, इथे मूर्ती दिसतच नाही. गाभाऱ्यापुढे पडदा असतो," मी म्हटलं.

"आणि पडद्यावर?"

"चित्र. त्याचं आणि त्याच्या दोन बायकांचं."

"दोन? मग तर मुळीच नाही."

आम्ही दोघं जाऊन आलो. प्रसादाची केळी, पपई, अननस मागच्या सीटवर ठेवलं आणि बुत्तलाच्या रस्त्याला लागलो.

हा रस्ता 'याला' नॅशनल पार्कच्या जंगलाला लागून जातो आणि इथले काही हत्ती गाड्या अडवून खाऊ वसूल करतात, हे ड्रायव्हरने सांगितलं, पण हत्ती समोर आल्यावर. टस्कर रस्त्याच्या मधोमध, जकात नाक्यावरच्या माणसासारखा निवांत उभा.

"काचा बंद! नो बनाना!" ड्रायव्हर ओरडला. खायला घालायला बंदी आहे, आणि घालून घालूनच ही सवय लागलीय.

सासूबाईंनी हात जोडले. "अरे, साक्षात गणपती दारात आलाय आणि केळं नाही म्हणता?" मग डोळे मिटून स्तोत्र सुरू. ड्रायव्हरला राहवेना. त्याने कुजबुजत कथा सांगितली: वल्ली, म्हणजे त्या दोघींपैकी एक, कार्तिकस्वामीला दाद देईना, तेव्हा भावासाठी गणपती हत्ती होऊन तिच्यापुढे आला आणि ती घाबरून थेट कार्तिकस्वामीच्या मिठीत शिरली. म्हणजे हे खातं पूर्वीपासून याच भावाकडे आहे. स्तोत्र मध्येच थांबलं. सोंड काचेवरून फिरत मागच्या सीटपाशी आली. गाडी हलली, मडकं कलंडलं, आणि बरं लागलेलं विरजण माझ्या सलवारीवर आलं.

तेवढ्यात समोरून बस आली. बसमध्ये केळी जास्त असणार, हा हिशेब हत्तीला आमच्याआधी कळला. ड्रायव्हरने बाजूने गाडी काढली ती मोनरागलापर्यंत कुणीही शब्द बोललं नाही.

लाहुगलाला झाडीत पुन्हा हत्ती दिसले. सासूबाईंनी या खेपेला हात जोडले नाहीत. पुढे पोत्तुविल आलं तशी नवऱ्याला कंठ फुटला. उद्या किनाऱ्याकिनाऱ्याने बट्टिकलोआ.

"वाटेत तिरुक्कोविल," ड्रायव्हर म्हणाला. "समुद्राकाठी जुनं देऊळ आहे. फार छान."

"कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"शंकराचं," मी म्हटलं.