'नाजूक' म्हणजे 'नेभळट' नव्हे, आणि 'बायल्या' तर नव्हेच

खान्देशातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली, म्हणून हे लिहायला बसलो. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: 'नाजूक' हा फारसी शब्द मोगलांच्या ऐषारामातून आला, त्याआधी मराठीला असली मिळमिळीत भाषा ठाऊकच नव्हती. अहिराणीत तर नाजूकला शब्दच नाही, कारण खान्देशी माणूस रांगडा. 'मर्द मराठ्यांनी' हा शब्द टाकून द्यावा. शेवटी एक यादी आहे: 'नाजूक, कोमल, हळवा, लेचापेचा, नेभळट, बायल्या: सर्व समानार्थी, स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करा.' आणि सगळ्यात वर 'अमृतातेंही पैजां जिंके' ही ज्ञानेश्वरांची ओळ.

'नाजूक' फारसी आहे, हे खरं. एवढं एकच त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. पण ज्या 'मर्द' शब्दानं हा मेसेज छाती फुगवतो, तोही फारसीच. 'जोर' फारसी. 'हिंमत' अरबी, आपल्याकडे आली ती फारसीच्या वाटेनं. परका म्हणून नाजूक हाकलायचा असेल तर मर्दालाही त्याच दारानं बाहेर काढावं लागेल. फारसीतून मराठीत फक्त मऊपणा आला, हे कुणी ठरवलं? जमीन आली, बाजार आला, पेशवा आला. आपल्या 'खान्देश' नावातला 'खान' हासुद्धा फारुकी सुलतानांच्या किताबावरून आला, असं मानणारे अभ्यासक आहेत. फारुकींचं राज्य 1382 ते 1601, मोगल आले ते त्यानंतर.

आता त्याआधी मराठीत काय होतं ते पाहू. यासाठी लांब जायला नको, मेसेजच्या माथ्यावर जी ओवी आहे तिच्या पुढची ओवी वाचली तरी पुरे. 'माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके' ही सहाव्या अध्यायातली चौदावी ओवी. पंधरावी अशी सुरू होते: 'जिये कोंवळिकेचेनि पाडें, दिसती नादींचे रंग थोडे.' म्हणजे या अक्षरांच्या कोवळिकीपुढे सुरांचे रंगही फिके वाटावेत. मराठीनं अमृताशी पैज लावली ती कशाच्या जोरावर, हे ज्ञानेश्वर लगेच सांगतात, आणि पहिलंच नाव घेतात कोवळिकीचं. कणखरपणाचं नाही. ज्ञानेश्वरी 1290 ची. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला 1296 मध्ये. तेव्हा मोगल कुठून असणार? मराठीचा अभिमान सांगायला अर्धी ओवी घ्यायची, आणि तिचंच पुढचं वाक्य लाजिरवाणं म्हणून पुसायचं, याला भाषाप्रेम म्हणायला माझी जीभ वळत नाही.

खान्देशी बोलीत शब्दच नाही, हे वाचून तर राग आला. खान्देशात एकटी अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे, सातपुड्यात पावरी आहे, भिलोरी आहे. लेवा बोलीत 'ओढाळ' ला 'वढाय' म्हणतात, 'ळ' चा 'य' होतो, तसंच 'कोवळं' होतं 'कवयं'. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जाऊन विचारा, कवया पोंग्याला, म्हणजे नुकत्याच निघालेल्या गुंडाळीच्या पानाला, कसं जपतात ते. आसोद्याच्या बहिणाबाईंनी सुगरणीची चोच 'उलीशी' म्हटली, आणि त्या उलीशा चोचीनं विणलेला खोपा दाखवून दहा बोटांच्या माणसाला जाब विचारला. हे रचणारी बाई शेतात राबलेली होती. तिला बारीक-नाजूक काही दिसत नव्हतं असं म्हणणाऱ्यानं तिची एक तरी कविता वाचलेली दिसत नाही.

आणि रांगडेपणाचं म्हणाल, तर साक्रीकडच्या कांदा उत्पादकाला विचारा. पावसाळ्याअखेर लावलेल्या कांद्याला 'रांगडा' म्हणतात, आणि तो चाळीत फार टिकत नाही. महिनोन्महिने टिकतो तो उन्हाळ कांदा.

खरं नुकसान करते ती यादी. परीक्षेची तयारी करणारी पोरं ती खरंच पाठ करतात. एकदा शब्द बदलून बघा. 'आजोबांची प्रकृती नाजूक आहे.' इथे 'आजोबांची प्रकृती नेभळट आहे' म्हणाल? 'सीमेवरची परिस्थिती नाजूक आहे', इथे 'कोमल' बसेल? 'लेचापेचा' बांध्याला किंवा युक्तिवादाला लागतो, वस्तूला 'तकलादू', उत्तराला 'मुळमुळीत'. 'नेभळट' फक्त माणसाच्या स्वभावाला, आणि तो थेट दोष आहे. 'हळवा' हा दोष असेलच असं नाही. ज्याचं मन लवकर भरून येतं तो हळवा, आणि हळवी माणसं प्रसंगी फार खंबीर निघतात. अतिजपणुकीनं बिघडलेल्याला टोमणा मारायचा असेल, तर मराठीत 'नाजूकसाजूक' आहे. तिथे टोमणा त्या जोडीत आहे, एकट्या 'नाजूक' मध्ये नाही.

मग 'बायल्या'. हा शब्द या रांगेत बसवणाऱ्यानं खान्देशात कापसाची वेचणी पाहिली आहे का? वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, उन्हात कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचायचं, आणि मजुरी किलोवर. ते काम बहुतेक बायाच करतात. त्यांच्या नावावरून दुबळेपणाला शब्द करायचा, तो पोरांकडून पाठ करून घ्यायचा, आणि वर त्याला शुद्ध मराठी म्हणायचं!

माझा भाचा नववीत आहे. बारीक रेषेचं काम फार सुंदर करतो, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करत होता. तो मेसेज आल्यावर घरातल्याच एका मोठ्या माणसानं त्याच्या चित्राकडे बघून यादीतला शेवटचा शब्द उच्चारला. पोरगा काही बोलला नाही, पण परीक्षेला बसत नाही म्हणतोय. नाजूक हात आणि नेभळट स्वभाव यांतला फरक त्याला कुणी शिकवलाच नाही, उलट दोन्ही एकच म्हणून पाठ करायला सांगितलं.

दाजी, तुम्ही मोठे आहात, तुमचा मान आहे. पण तो मेसेज तुम्ही ज्या ज्या ग्रुपवर टाकलात, तिथे पंधरावी ओवीही टाका, आणि ती यादी चुकीची आहे हे तुमच्या नावानं लिहा. क्लासवाल्यांनी ती नोट्समध्ये छापली असेल, तर पुढच्या बॅचला वाटण्याआधी प्रत्येक शब्द एकेका वाक्यात वापरून दाखवावा.