जिताड्याची बोटुकली, प्रतवारी आणि व्हॉट्सॲपवरचा सल्ला

मुंबई-रायगडच्या जिताडा (खाडीतला मांसाहारी मासा) पाळणाऱ्यांत एक सल्ला फिरतोय: बोटुकली (बोटभर पिल्लं) एकदा सोडली की प्रतवारीसाठी, म्हणजे लहान-मोठी वेगळी करायला, जाळं लावू नका, हाताळली की मरते. खाद्य भरपूर टाका. पोट भरलेला मासा भाऊबंदाला खात नाही आणि मागे पडलेले पुढे मोठ्यांना गाठतात.

‘पोट भरलं की खात नाही’: उपाशी ठेवले तर जास्त खातात, इतपत खरं. पण जिताडा स्वतःच्या लांबीच्या 61 ते 67 टक्के लांबीचा जिताडा गिळतो. 12 सेंमीच्या माशापुढे साडेसात सेंमीचा मासा म्हणजे खाद्यच, तुम्ही पोतं ओता नाहीतर नका ओतू. सरासरी वजनावर विसंबू नका. सर्वांत मोठे दहा आणि सर्वांत लहान दहा पट्टीवर मोजा. घास घशात अडकला तर दोघंही मरतात आणि तेवढेच तरंगताना दिसतात. गिळलेले कुठून दिसणार? मेलेले न सापडता संख्या घटली, तर बगळ्यावर (आणि गड्यावर) संशय घेण्याआधी मापं बघा.

‘मागचे पुढच्यांना गाठतात’: एका टाकीत तरी नाही. मोठे खाद्यावर तुटून पडतात, लहान कडेला राहतात, अंतर वाढत जातं. वेगळे काढले की बरेचसे वाढीला लागतात. काही मुळातच खुरटे असतात.

‘हाताळली की मरते’: मरते, पण चुकीच्या हाताळणीने. प्रतवारीआधी बोटुकलीला रात्रभराचा उपास पुरे. जास्त ताणलात तर चाळणीतच एकमेकांना धरतील. काम उजाडताच करा, एअरेटर चालू ठेवा, ऑक्सिजन लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका. जाळं बिनगाठीचं, हात ओले. चाळणी गुळगुळीत पीव्हीसी नळ्यांची; कापलेल्या टोकांना खरखर राहिली तर तिथेच खवले जातात. नळ्यांमधली फट माशाची जाडी मोजते, लांबी नव्हे. म्हणून जिथे विभागणी करायची त्या मापाचे आठ-दहा मासे घालून फट आधी पक्की करा. चाळणी हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पेटीत) अर्धी बुडवून थोडे थोडे मासे घाला. लहान आपणहून खाली निघतात. वर उचलून हलवली की अंग सोलवटतं, दोन-चार दिवसांत जखमा चिघळतात आणि मरतूक प्रतवारीच्या नावावर जमा होते.

हा सल्ला आला असावा खारेपाटातल्या (रायगडच्या खाडीकाठच्या पट्ट्यातल्या) घरामागच्या तळ्यांवरून. तिथे खाडीतली मोजकी पिल्लं आणि खायला भरपूर चिलापी (तिलापिया मासे), तेव्हा चालून जातं. रोहू-कटलात तर ही भाऊबंदकी नाहीच. टाकीत किंवा पिंजऱ्यात दाटीने वाढवताना मात्र मासा 15 सेंमीचा होईपर्यंत दर 7 ते 10 दिवसांनी प्रतवारी हवी. पुढे खाल्ल्याने होणारी घट फार नसते. विक्रीची मापं जुळवण्यापुरती केली तरी भागतं.

आणि वेगळे काढलेल्या हाप्यांवर जाळी टाका. मोठ्यांतला एखादा उडी मारून लहानांत पडला, की पुढच्या प्रतवारीपर्यंत त्याची चंगळ.