स्वस्त खोली आणि मागे राहिलेलं घर

सुट्टीतला खर्च कमी करायचा तर सर्वांत कमी दराची खोली शोधा, असं एका लेखात वाचलं. मला ते अर्धंच पटलं. नुसता दर पाहू नका. साफसफाईचे पैसे, कर, तिथून रोज फिरायला जाण्या-येण्याचं भाडं, हे सगळं मिळवून मग रात्रींनी भागा. लांबची स्वस्त खोली आम्हाला एकदा टॅक्सीपायी चांगलीच महाग पडली होती. मुक्काम चार दिवसांहून जास्त असेल तर छोटं स्वयंपाकघर असलेली जागा खरंच परवडते.

आणि निघताना घराकडेही बघा! टाकीचा गीझर चालू राहिला तर कुणी वापरत नसतानाही पाणी निवतं आणि तो ते पुन्हा पुन्हा तापवत बसतो. बटण बंद करूनच कुलूप लावा. टीव्ही, राउटर यांचंही तेच. सतत फक्त ५ वॅट ओढणारं उपकरण वर्षाला जवळपास ४४ युनिट वीज खातं, आणि अशी चार-पाच तरी घरात असतातच. फ्रिज रिकामा करून बंद केलात तर दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर आत बुरशी धरते.